घरच्या सामन्यांची गर्दी आणि वेळापत्रक: परिणाम नेमका किती, हे तपासण्याची पद्धत

घरच्या मैदानावर खुर्च्या रिकाम्या दिसल्या की पहिला ठपका वारावर येतो. बुधवार होता, लोक कसे येणार, असे म्हटले जाते आणि या म्हणण्यात तथ्यही आहे. डॅनियल गोलर आणि अ‍ॅलेक्स क्रूमर या अभ्यासकांनी जर्मनी, स्पेन, फ्रान्स आणि इंग्लंड या देशांतल्या अव्वल फुटबॉल लीगचे २००७-०८ ते २०१६-१७ या काळातले ९,९३० सामने तपासले, तेव्हा नेहमीचे वार सोडून इतर दिवशी झालेल्या सामन्यांना आसनक्षमतेच्या मानाने कमी प्रेक्षक आल्याचे चारही लीगमध्ये दिसले. मात्र आपल्याकडे चाहत्यांचे गट, क्रीडा व्यवस्थापनाचे विद्यार्थी किंवा सामन्याच्या आयोजनात काम करणारी मंडळी या विषयावर जी टिपणे तयार करतात, ती बहुधा एकाच ठिकाणी चुकतात. शनिवार-रविवारची सरासरी एकीकडे, इतर वारांची सरासरी दुसरीकडे, दोहोंची वजाबाकी केली की निष्कर्ष तयार. अशा टिपणाच्या आधारे क्लबकडे किंवा लीगकडे काही मागायला गेल्यास पहिल्याच प्रश्नाला ते कोलमडते. योग्य क्रम पुढे दिला आहे. उदाहरणे इंडियन सुपर लीगमध्ये खेळणारा मुंबई सिटी एफसी हा क्लब आणि त्याचे घरचे मैदान, अंधेरीचा मुंबई फुटबॉल अरीना, यांची घेतली असली, तरी पद्धत कोणत्याही क्लबला लागू पडेल.

## टप्पा १: प्रश्नाचे तुकडे पाडा

‘वेळापत्रक’ या एका शब्दात निदान चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात: सामन्याचा वार, किकऑफची म्हणजे सामना सुरू होण्याची वेळ, आधीच्या घरच्या सामन्यापासूनचे अंतर, आणि तारीख किती दिवस आधी जाहीर झाली ती पूर्वसूचना. यांतल्या प्रत्येकीचा परिणाम वेगळ्या माणसांवर होतो आणि प्रत्येकीवरचा उपायही निराळा असतो. वार बदलणे क्लबच्या हाती जवळपास नसते, कारण तो लीग आणि प्रक्षेपण करणारी कंपनी ठरवते. पूर्वसूचना वाढवणे मात्र त्या मानाने सोपे असते. चारही गोष्टी एकाच आकड्यात कोंबल्या, तर जे सहज सुधारता आले असते तेही नजरेआड राहते.

कामाला लागण्यापूर्वी प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. उदाहरणार्थ, ‘त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा सामना शनिवारऐवजी बुधवारी झाल्यास प्रत्यक्ष आत येणाऱ्या प्रेक्षकांमध्ये किती फरक पडतो?’ या वाक्यात तुलना कोणाची, कोणाशी आणि कोणत्या मापाने करायची, हे तिन्ही आले पाहिजे.

तपासा: वाक्यात ‘गर्दी’ असा मोघम शब्द उरला असेल, तर पुढचा टप्पा पूर्ण होईपर्यंत तो तसाच राहू द्या, त्याचा अर्थ तिथे पक्का करायचा आहे.

## टप्पा २: कोणता आकडा मोजायचा ते ठरवा

एकाच सामन्याचे चार आकडे असू शकतात: विकलेली तिकिटे, मोफत पासांसह वाटलेली एकूण तिकिटे, जाहीर केलेली प्रेक्षकसंख्या, आणि गेटवर प्रत्यक्ष स्कॅन होऊन आत आलेली माणसे. वेळापत्रकाचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो तो शेवटच्या आकड्यात. हंगामाचे तिकीट काढलेला माणूस बुधवारी आला नाही, तरी विक्रीच्या आकड्यात तो हजरच असतो. कंपन्यांना किंवा शाळांना दिलेल्या पासांचेही तसेच आहे. आठवड्याच्या मधल्या सामन्याला पास जास्त वाटले गेले असतील, तर वाटलेल्या तिकिटांच्या आकड्यावरून बुधवार शनिवारपेक्षा सरस ठरेल आणि सगळा निष्कर्षच उलटा होईल.

शक्य असेल तर स्कॅनची नोंद वेळेनुसार मिळवावी: किकऑफपर्यंत किती, पहिल्या पंधरा मिनिटांत किती, मध्यांतरापर्यंत किती. ही नोंद बहुतेकांना सुचतच नाही, आणि माझ्या मते सर्वांत जास्त काही सांगते तीच. कामाच्या दिवशी साडेसातच्या सामन्याला सात वाजून वीस मिनिटांनी आझाद नगर मेट्रो स्थानकाकडून वीरा देसाई रस्त्याच्या दिशेने येणारी माणसे पाहावीत. पाठीवर ऑफिसची बॅग, गळ्यात अजून ओळखपत्र, एका हातात फोनवर उघडून ठेवलेले तिकीट. बॅग तपासणीच्या रांगेत ती उभी असतानाच आतून पहिला जल्लोष ऐकू येतो. यांतला प्रत्येकजण अखेरच्या आकड्यात मोजला जातो, पण वेळ गैरसोयीची आहे ही गोष्ट त्याच्या उशिरानेच सांगितलेली असते. यंदा उशिरा येणाऱ्यांपैकी काहीजण पुढच्या हंगामात येणारच नाहीत, म्हणून उशिरा आलेल्यांचे प्रमाण हे स्वतंत्र माप म्हणून ठेवावे.

क्लबकडून स्कॅनचे आकडे मिळाले नाहीत, तर ठरलेल्या दोन वेळी, किकऑफला आणि मध्यांतरानंतर दहा मिनिटांनी, प्रत्येक स्टँडचे छायाचित्र एकाच जागेवरून काढून भरलेल्या रांगा मोजाव्यात. हे माप ओबडधोबड असले, तरी प्रत्येक सामन्याला सारख्याच पद्धतीने घेतलेले असते आणि तुलनेसाठी तेवढे पुरते.

सावधान: काही सामन्यांना जाहीर आकडा आणि काहींना स्कॅनचा आकडा, अशी सरमिसळ करू नये. एक माप निवडा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

## टप्पा ३: तुलनेत न बसणारे सामने बाजूला काढा

इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा मुंबई सिटी आपले घरचे सामने नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये खेळत असे; २०१६ पासून हे सामने अंधेरीत येऊ लागले. नेरूळचे मैदान पन्नास हजारांच्या आसपास प्रेक्षक सामावणारे आहे, अंधेरीचे काही हजारांचे. ही दोन मैदाने एकाच यादीत टाकली, तर वाराचा परिणाम मोजतो आहोत असे वाटते आणि प्रत्यक्षात मोजला जातो मैदानाचा आकार. दोन्ही ठेवायचीच असतील, तर आसनक्षमतेची टक्केवारीही पुरत नाही. प्रत्येक मैदानाची तुलना त्या मैदानापुरतीच करावी.

२०२०-२१ आणि २०२१-२२ हे हंगाम कोविडमुळे गोव्यात जैवसुरक्षित वातावरणात झाले. मुंबईच्या घरच्या प्रेक्षकांबद्दल ते काहीच सांगत नाहीत, म्हणून ते पूर्णपणे वगळावेत. त्यांच्या जागी शून्य लिहिणे ही घोडचूक होय. २०२३-२४ च्या आशियाई चॅम्पियन्स लीगमधले घरचे सामनेही वेगळे ठेवावेत. ते अंधेरीत झाले नाहीत, आणि ६ नोव्हेंबर २०२३ रोजी अल हिलाल या सौदी अरेबियातल्या नामांकित क्लबविरुद्ध डी. वाय. पाटीलवर झालेल्या सामन्याला लोक ज्या ओढीने गेले, तिचा वाराशी फारसा संबंध नव्हता. तो सोमवार होता. तो यादीत राहिला, तर सोमवारी मुंबईकर फुटबॉलला गर्दी करतात असा निष्कर्ष निघेल.

बाद फेरीचे सामनेही वगळा. ऐनवेळी पुढे ढकललेले सामने मात्र काढून टाकू नका. त्यांच्यावर खूण करून ठेवा, कारण पूर्वसूचनेचा परिणाम तपासताना तेच उपयोगी पडतात.

## टप्पा ४: प्रत्येक सामन्याची पूर्ण नोंद करा

एका सामन्याला एक ओळ. रकाने असे: तारीख, वार, किकऑफ, प्रतिस्पर्धी, दोन्ही संघांचे त्या दिवशीचे गुणतालिकेतले स्थान, आधीचा घरचा सामना किती दिवसांपूर्वी झाला, तारीख किती दिवस आधी जाहीर झाली, तिकीटविक्री कधी सुरू झाली, पाऊस, सुट्टी, आणि टप्पा २ मध्ये निवडलेले माप. हे सर्व रकाने सामना होताच भरावेत. हंगाम संपल्यावर आठवून भरलेल्या पावसाच्या रकान्यावर भरवसा ठेवता येत नाही.

मुंबईसाठी याखेरीज पुढच्या नोंदी अत्यावश्यक आहेत, आणि परदेशी अभ्यासांची नक्कल करताना नेमक्या त्याच सुटतात.

परतीचा प्रवास. साडेसातला सुरू झालेला सामना मध्यांतर आणि जादा मिनिटे धरून साधारण सव्वानऊ ते साडेनऊच्या दरम्यान संपतो. मैदानाबाहेर पडणे, आझाद नगरला मेट्रोची रांग, एक स्थानक पुढे अंधेरी, तिथून पूल ओलांडून लोकल, असे करीत फलाटावर पोहोचेपर्यंत दहा वाजत आलेले असतात. विरारला जाणारा माणूस घरी पोहोचेपर्यंत अकरा वाजून जातात. मेट्रोने घाटकोपरला जाऊन पुढे कल्याणकडे निघालेल्याचीही तीच गत. किकऑफ आठचा असेल, तर हे सगळे अर्ध्या तासाने पुढे सरकते आणि दुसऱ्या दिवशी सकाळची लोकल पकडणाऱ्याला तो अर्धा तास फार महाग पडतो. म्हणून किकऑफच्या वेळेशेजारी ‘विरार, कल्याण आणि वाशीला घरी पोहोचण्याची अंदाजे वेळ’ असा रकाना ठेवावा. तिकिटे ऑनलाइन विकली जात असल्याने क्लबकडे खरेदीदारांचे पिनकोड असू शकतात. नावे न घेता नुसती विभागवार बेरीज मिळाली, तरी वाराचा फटका कोणत्या उपनगराला बसतो ते लख्ख दिसेल.

रविवारचा मेगाब्लॉक. रविवार सुट्टीचा म्हणून तो सोयीचाच असे गृहीत धरले जाते. रविवारी दिवसा बहुधा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास रेल्वेमार्ग बंद, असतो, गाड्या कमी असतात आणि ब्लॉक संपल्यानंतरही वेळापत्रक रुळावर यायला वेळ लागतो. सायंकाळी पाच-साडेपाचच्या किकऑफला निघणारा प्रेक्षक याच तासांत घराबाहेर पडतो. मध्य, हार्बर आणि पश्चिम यांपैकी कोणत्या मार्गावर ब्लॉक होता, याची नोंद करावी.

नवी मेट्रो. दहिसर ते अंधेरी पश्चिम ही मेट्रो २अ जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे हंगामाच्या मध्यावर, पूर्ण सुरू झाली आणि बोरिवली-कांदिवलीच्या प्रेक्षकाचा रस्ता बदलला. त्याआधीचे आणि नंतरचे सामने सरसकट एकत्र करणे योग्य नाही.

टीव्हीवरचे इंग्लिश फुटबॉल. ही बाब जवळजवळ कोणीच नोंदवत नाही, आणि फुटबॉलच्या प्रेक्षकांपुरती ती क्रिकेटहूनही महत्त्वाची ठरू शकते. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनला होणारे सामने तिथे थेट दाखवले जात नाहीत, भारतात मात्र दिसतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडची घड्याळे मागे जाईपर्यंत ते आपल्याकडे साडेसातला सुरू होतात, म्हणजे ऐन आपल्या किकऑफला. त्यानंतर मार्चअखेरपर्यंत साडेआठला. थोडक्यात, ऑक्टोबरच्या मध्यावरचा शनिवार आणि नोव्हेंबरमधला शनिवार हे मुंबईतल्या फुटबॉलप्रेमीसाठी सारखे नसतात. शनिवारची गर्दी अपेक्षेपेक्षा कमी दिसली, तर आधी हा रकाना पाहावा.

क्रिकेट, सण आणि परीक्षा. भारताचा सामना, वानखेडेवरचा कोणताही मोठा सामना, आणि मार्चअखेरपासूनचे आयपीएल यांची नोंद हवी. आयपीएलचे सायंकाळचे सामनेही साडेसातलाच सुरू होतात. गणेशोत्सव, नवरात्र आणि दिवाळीचे दिवस वेगवेगळे नोंदवावेत, सगळ्यांना ‘सण’ असे एकच लेबल लावू नये. विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असतात, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी माणसे घरी असतात, भाऊबीजेनंतरच्या सुट्टीत मात्र मुलांना घेऊन मैदानावर येणारी कुटुंबे असू शकतात. फेब्रुवारी-मार्चमधल्या बारावी-दहावीच्या परीक्षांचा काळही वेगळा दाखवावा.

सावधान: बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली असेल, तर तो सामना कामाच्या दिवसात धरू नये. उलट, रविवारी रात्री उशिराचा सामना हा प्रेक्षकाच्या हिशेबाने अर्धा कामाचाच दिवस असतो, कारण दुसरा दिवस सोमवार असतो. वाराच्या रकान्याशेजारी ‘उद्या सुट्टी आहे का’ असा छोटा रकाना ठेवला, की या दोन्ही अडचणी सुटतात.

## टप्पा ५: सरासरी काढू नका, जोड्या लावा

मोठ्या प्रतिस्पर्ध्याचे सामने प्रक्षेपणाच्या सोयीने अनेकदा शनिवार-रविवारी ठेवले जातात. त्यामुळे शनिवारची सरासरी फुगते ती वारामुळे की मोहन बागान आले म्हणून, हे नुसत्या सरासरीवरून कळत नाही. उपाय साधा आहे: एकच प्रतिस्पर्धी एका हंगामात सुट्टीच्या वारी आणि दुसऱ्या हंगामात कामाच्या वारी आला असेल, तर त्या दोन सामन्यांची जोडी लावा.

पद्धत स्पष्ट व्हावी म्हणून काल्पनिक आकडे घेऊ. समजा, मैदान ७,००० आसनांचे आहे. ‘क’ हा लोकप्रिय संघ शनिवारी आला तेव्हा ६,४०० प्रेक्षक आले आणि दुसऱ्या हंगामात बुधवारी आला तेव्हा ५,५००. ‘ख’ या कमी लोकप्रिय संघाला शनिवारी ४,२०० आणि बुधवारी ३,६००. आता एखाद्याने एकाच हंगामातले ‘क’चा शनिवार आणि ‘ख’चा बुधवार एवढेच पाहिले, तर त्याला २,८०० चा फरक दिसेल आणि तो सगळा बुधवारच्या माथी मारला जाईल. जोड्या लावल्या की वाराचा भाग ६०० ते ९०० एवढाच उरतो. बाकीचा फरक प्रतिस्पर्ध्याचा. मागणी करायची ती या ६०० ते ९०० च्या बळावर.

जोडी लावताना दोन्ही सामन्यांच्या वेळी आपला संघ गुणतालिकेत साधारण सारख्या जागी होता ना, हे पाहावे. लीग शील्डच्या, म्हणजे साखळी फेरीतल्या अव्वल स्थानाच्या, शर्यतीत असलेला संघ आणि सातव्या स्थानावर रेंगाळणारा संघ यांच्या सामन्यांची जोडी लावण्यात अर्थ नाही, मग प्रतिस्पर्धी एकच का असेना.

सावधान: भरलेले मैदान खरी मागणी लपवते. आसने ७,००० असतील आणि शनिवारी सर्व तिकिटे संपली असतील, तर आणखी किती लोक यायला तयार होते हे आकडा सांगत नाही. अशा वेळी शनिवार आणि बुधवार यांतला फरक प्रत्यक्षाहून लहान दिसतो. लहान मैदानावर ही अडचण वारंवार येते. तिकिटे संपलेल्या सामन्यांवर खूण करा, आणि त्यांच्या बाबतीत तिकिटे संपायला किती दिवस किंवा तास लागले, हे दुसरे माप वापरा. तीन तासांत संपलेला शनिवार आणि सामन्याच्या सकाळी संपलेला गुरुवार दोन्ही आकड्यात ‘पूर्ण भरलेले’ असतात, पण ते सारखे नव्हेत.

## टप्पा ६: सामने थोडे आहेत हे लक्षात ठेवा

युरोपातल्या त्या अभ्यासाला हजारो सामने मिळाले. आपल्याला साखळी फेरीत मुंबई सिटीचे २०२२-२३ मध्ये १०, २०२३-२४ मध्ये ११ आणि २०२४-२५ मध्ये १२ घरचे सामने मिळतात. त्यांतून मैदान, पाऊस आणि सुट्टी यांनुसार गाळणी लावली की हाती मोजक्याच जोड्या उरतात. एवढ्या सामग्रीवर संगणकाने काढलेली दशांश चिन्हापुढची दोन स्थाने लिहिणे म्हणजे वाचणाऱ्याची दिशाभूल करणे होय. ‘सात जोड्यांपैकी सहांत कामाच्या दिवशी प्रेक्षक कमी होते’ असे साधे विधान अधिक प्रामाणिक आहे आणि ते बैठकीत टिकतेही.

एक हमखास चाचणी करून पाहावी: यादीतला एक-एक सामना आळीपाळीने झाकून निष्कर्ष पुन्हा काढा. एखादा सामना झाकताच निष्कर्ष उलटत असेल, तर तो निष्कर्ष वेळापत्रकाबद्दल नाही, त्या एका सामन्याबद्दल आहे. तो सामना उघडून पहा. पाऊस होता का, पास वाटले होते का, गेट उशिरा उघडले होते का?

अधिक सामने हवे असतील, तर लीगमधल्या इतर क्लबांचे आकडे जोडता येतात, पण प्रत्येक शहराची तुलना त्या शहरापुरती ठेवूनच. कोची किंवा कोलकात्याच्या बुधवारचा मुंबईच्या शनिवारशी संबंध जोडू नये.

## टप्पा ७: मागणी लिहिताना

टिपण दोन पानांचे असावे. पहिल्या पानावर प्रश्नाचे वाक्य, वापरलेले माप, वगळलेले सामने आणि ते का वगळले, मग जोड्यांचा तक्ता. दुसऱ्या पानावर मागण्या, आणि त्या कमी असाव्यात. जर्मनीत चाहत्यांनी वर्षानुवर्षे विरोध करताना सोमवारचे सामने नकोत ही एक नेमकी गोष्ट लावून धरली, आणि २०२१-२२ पासून बुंडेसलिगा या तिथल्या अव्वल लीगने सोमवारचे सामने बंद केले. ‘वेळापत्रक प्रेक्षकांच्या सोयीचे करा’ या मागणीवर मात्र कोणालाही काहीच करता येत नाही.

मुंबईपुरते पाहता माझ्या मते मागण्यांचा क्रम असा असावा. आधी पूर्वसूचना: तारीख आणि वेळ निदान चार आठवडे आधी पक्की करावी, म्हणजे पाळीत काम करणारा माणूस आपली पाळी बदलून घेऊ शकतो. मग कामाच्या दिवसाचा किकऑफ आठचा असेल, तर तो साडेसातला. त्यानंतर सामन्यांचे वाटप: कामाच्या दिवशी सामना ठेवणे अटळच असेल, तर तिथे गर्दी खेचणारा प्रतिस्पर्धी ठेवावा आणि ‘ख’सारख्या संघाला शनिवार द्यावा. हा शेवटचा मुद्दा प्रक्षेपणाच्या गणिताच्या विरुद्ध जातो, म्हणून त्याला जोड्यांचा भक्कम आधार लागेल. क्लबच्या प्रशिक्षकांना किंवा व्यवस्थापनाला पटवायचे असेल, तर गोलर आणि क्रूमर यांचा दुसरा निष्कर्षही पुढे ठेवावा: इंग्लंडची प्रीमियर लीग वगळता इतर तीन लीगमध्ये, नेहमीच्या वारी न झालेल्या सामन्यांत दुबळ्या मानल्या गेलेल्या यजमान संघाचा घरचा फायदाही घटला होता. रिकाम्या खुर्च्यांचा प्रश्न तेव्हा केवळ तिकीट खिडकीपुरता राहत नाही.

टिपण लीगचे पुढचे वेळापत्रक जाहीर होण्याआधी क्लबच्या हाती पडले पाहिजे. क्लब मैदान उपलब्ध नसलेल्या तारखा लीगला कळवतो त्याच सुमाराला ते द्यावे, आणि सोबत मूळ नोंदींची फाइल जोडावी, म्हणजे कोणालाही जोड्या स्वतः तपासता येतील. बदल झालाच, समजा किकऑफ अर्ध्या तासाने अलीकडे आला, तर त्यानंतरच्या प्रत्येक सामन्याला किकऑफपर्यंत आत आलेल्यांचा आकडा आधीच्याच पद्धतीने घेत राहावे. त्या रकान्यात फरक दिसायला किमान एक पूर्ण हंगाम द्यावा लागतो.